शहर कोणाचे? : कोलकात्याचे फुटबॉल आणि समर्थकाची अस्मिता

फाळणीचे साहित्य शिकवताना आम्हांला दर वर्षी एक अडचण जाणवते. पंजाबची फाळणी विद्यार्थ्यांना मंटोच्या कथांमुळे, 'तमस'मुळे चटकन भिडते. बंगालची फाळणी मात्र त्यांच्या मनात धूसर राहते. याचे एक कारण असे की तेथे सारे काही एकाच उन्हाळ्यात घडून गेले नाही. माणसे १९४७ मध्ये आली, १९५० मध्ये आली, १९६४ मध्ये आली आणि १९७१ मध्येही आली. तो प्रवाह जवळपास पाव शतक वाहत होता. वर्गात एकदा एका विद्यार्थ्याने आम्हांला विचारले, "सर, ही माणसे कोलकात्यात आली हे कळले, पण 'आम्ही इथले' असे ती कधी म्हणू लागली?" प्रश्न साधा होता आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधताना आम्ही कथा-कादंबऱ्यांपासून निघालो आणि पोहोचलो फुटबॉलच्या मैदानावर.

मराठी वाचकाला क्लबनिष्ठा म्हणजे काय हे कोल्हापूरमुळे ठाऊक आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम ही नावे उच्चारली की शाहू स्टेडियमवरची गर्दी डोळ्यांपुढे उभी राहते. तेथे संघ ओळखला जातो तो पेठेवरून आणि तालमीवरून. समर्थक ज्या गल्लीत राहतो त्या गल्लीचा तो अभिमान असतो. कोलकात्यात मात्र एक विलक्षण गोष्ट घडली. तेथे एका क्लबचे नाव अशा प्रदेशावरून पडले होते, जो पुढे शहराच्याच नव्हे, देशाच्याही सीमेबाहेर गेला. समर्थक राहतात एका गावात आणि घोष करतात दुसऱ्या, हरवलेल्या गावाच्या नावाचा. ही अस्मिता समजून घेतल्याखेरीज मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि महामेडन स्पोर्टिंग या तीन क्लबांचा इतिहास केवळ गोलांची जंत्री ठरतो. आमच्या मते हा इतिहास म्हणजे 'हे शहर कोणाचे?' या एकाच प्रश्नाला दिलेली तीन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर मोहन बागानचे. १५ ऑगस्ट १८८९ रोजी उत्तर कोलकात्यात हा क्लब स्थापन झाला. भूपेंद्रनाथ बसू त्याचे पहिले अध्यक्ष. पुढे १९१४ मध्ये ते राष्ट्रीय काँग्रेसचेही अध्यक्ष झाले. इंग्रजी शिकलेल्या, प्रतिष्ठित, 'भद्रलोक' म्हणवणाऱ्या वर्गाने आपल्या मुलांच्या शरीरसंपदेसाठी आणि शिस्तीसाठी चालवलेली ही संस्था होती. बंगाली पुरुष दुर्बळ असतो, हा गोऱ्या अधिकाऱ्यांनी रुजवलेला समज या पिढीला सलत होता. २९ जुलै १९११ रोजी आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव केला. पहिला गोल इंग्रजांचा होता. नंतर शिबदास भादुरी यांनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. बूट होते ते फक्त सुधीर चटर्जींच्या पायांत.

या विजयाचा काळ ध्यानात घ्यावा लागतो. १९०५ची वंगभंगाची जखम ताजी होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्ली दरबारात वंगभंग रद्द झाल्याची आणि राजधानी कोलकात्याहून दिल्लीला हलवण्याची अशा दोन्ही घोषणा एकदमच झाल्या. राजधानीचा मान जाणाऱ्या शहराला १९११चा हा विजय पुढे कायम पुरला. 'आम्ही साहेबाला त्याच्याच खेळात, त्याच्याच छावणीशेजारी हरवले' हे मोहन बागानच्या समर्थकाचे मूळ आख्यान. शहर आमचे, कारण साहेबाकडून ते आम्ही पहिल्यांदा मैदानावर परत घेतले, असा त्याचा मथितार्थ.

दुसरे उत्तर एका अपमानातून जन्मले. २८ जुलै १९२० रोजी कूचबिहार चषकाच्या सामन्यात जोडाबागान क्लबने मोहन बागानविरुद्ध खेळताना शैलेश बोस या खेळाडूला वगळले. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी रदबदली केली. ती मानली गेली नाही. बोस पूर्व बंगालचे म्हणून त्यांना डावलले, अशी भावना झाली. चौधुरींनी राजीनामा दिला आणि समविचारी मंडळींसह १ ऑगस्ट १९२० रोजी 'ईस्ट बंगाल' क्लब स्थापन केला. त्या वेळी पूर्व बंगाल हा काही परदेश नव्हता. ढाका, फरीदपूर, बारिसाल येथून शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी कोलकात्यात आलेला माणूस हा त्याच प्रांताचा रहिवासी होता. तरीही कोलकात्याला त्याचे बोलणे गावंढळ वाटे. त्याला 'बांगाल' म्हणत आणि तो पश्चिमेकडच्यांना 'घोटी' म्हणे. घोटी म्हणजे तांब्या; आपल्याकडील 'घाटी'शी या शब्दाचा संबंध नाही. पूर्वेकडच्या बोलीत 'च'चा उच्चार आपल्या 'चमच्या'तील 'च'सारखा दंत्य होतो. तोंड उघडताच माणूस कोठला हे कळे, आणि कळताच हसू फुटे. भाषेच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावे अशी ही गोष्ट आहे : या क्लबच्या जन्मामागे जितका खेळ आहे तितकाच उच्चारही आहे.

कलकत्ता फुटबॉल लीग १८९८ मध्ये सुरू झाली, ती केवळ गोऱ्यांच्या संघांसाठी. पुढे भारतीयांना प्रवेश मिळाला. पण पहिल्या विभागात दोनच भारतीय संघ असावेत, असा दंडक होता. १९२४ मध्ये ईस्ट बंगालला बढती मिळायची वेळ आली तेव्हा हाच दंडक आडवा आला. दोन जागा मोहन बागान आणि आर्यन यांनी व्यापल्या होत्या. अखेर तो दंडक मोडला आणि २८ मे १९२५ रोजी लीगमध्ये हे दोन संघ प्रथमच समोरासमोर आले. नेपाल चक्रवर्तींच्या एकमेव गोलावर ईस्ट बंगाल जिंकले. साहेबाने दोनच खुर्च्या मांडल्या होत्या. तिसऱ्या भारतीयाने खुर्ची मागितली तेव्हा साहेबाइतकाच राग आधी बसलेल्यांचा आला. वसाहतीच्या काळातील अस्मितांचे राजकारण याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

तिसरे उत्तर महामेडन स्पोर्टिंगचे. १८९१ मध्ये स्थापन झालेला हा क्लब अनेक वर्षे खालच्या विभागात होता. १९३४ मध्ये तो पहिल्या विभागात आला आणि त्याच वर्षी लीग जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला. पुढे १९३८पर्यंत सलग पाच वर्षे लीग त्याच्याकडेच राहिली. मोहन बागानला पहिली लीग मिळाली १९३९ मध्ये, ईस्ट बंगालला १९४२ मध्ये. महामेडनने बंगळूर, वायव्य सरहद्द अशा दूरदूरच्या प्रदेशांतून मुसलमान खेळाडू आणले, पावसाळी मैदानावर बूट वापरण्याचे शहाणपण दाखवले आणि १९४० मध्ये दिल्लीत ड्युरँड चषकही जिंकला. कोलकात्यातील मुसलमान कारागीर, गोदी-कामगार, दुकानदार यांना या संघाने प्रथमच शहराच्या मध्यभागी मान ताठ करून उभे राहण्याची संधी दिली. १९३४चा विजय हाही साहेबावरचाच विजय होता. परंतु १९११ला जे 'राष्ट्रीय' हे विशेषण आपसूक मिळाले ते १९३४च्या वाट्याला आले नाही. त्याला पुष्कळांनी 'जमातीय' म्हटले. एकाच प्रकारच्या दोन घटनांना दोन विशेषणे लागतात तेव्हा समीक्षकाने थांबून विचार करावयाचा असतो. आम्ही मराठीच्या वर्गात 'आपले' आणि 'परके' या शब्दांवर तासन्‌तास बोलतो. हा दाखला त्या चर्चेत यावा असे आम्हांला वाटते.

मग १९४७ आले. महामेडनच्या समर्थकांपैकी कित्येकजण पूर्व पाकिस्तानात गेले. जे राहिले त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. उलट ईस्ट बंगालच्या नावात जो प्रदेश होता तो नकाशावरून पुसला गेला आणि त्या प्रदेशातून लक्षावधी निर्वासित कोलकात्यात उतरले. जादवपूर, विजयगड या भागांतील मोकळ्या जमिनींवर त्यांनी वसाहती उभारल्या. काहींना तर नावच 'जबरदखल', म्हणजे बळजबरीने ताबा घेतलेल्या, असे पडले. घर गेले, गाव गेले, जिल्ह्याचे नावही परदेशी झाले. शिल्लक राहिली दोनच ठिकाणे, जेथे 'पूर्व बंगाल' हे शब्द अजून जिवंत होते : घरातील बोली आणि मैदानावरील क्लब. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे कोठेतरी आहे. निर्वासिताला शहरात घर मिळण्याआधी स्टेडियममध्ये उभे राहायला जागा मिळाली. आपल्या हरवलेल्या प्रदेशाचे नाव त्याला शहराच्या मधोमध, कोणाची लाज न बाळगता, ओरडून घेता येऊ लागले. तेथून 'आम्ही इथले' म्हणण्याची सुरुवात झाली.

मात्र गंमत पाहा. ज्या संघाने या निर्वासितांना पन्नाशीच्या उंबरठ्यावर सर्वाधिक आनंद दिला त्याची आघाडीची फळी बंगालीच नव्हती. अप्पाराव, व्यंकटेश, सालेह, अहमद खान आणि धनराज या पाच दाक्षिणात्य खेळाडूंना समर्थकांनी 'पंचपांडव' म्हटले आणि महाभारतातील नाव देऊन घरात घेतले. दुसरीकडे मोहन बागानचे दैवत गोष्ठ पाल हे जन्माने फरीदपूरचे, आणि १९५४ ते १९६८ हा आपला सारा क्लब-काळ त्याच क्लबला वाहणारे चुनी गोस्वामी किशोरगंजचे. म्हणजे दोघेही जन्माने 'बांगाल'. पुढे नायजेरियाचा चिमा ओकोरी हा तिन्ही क्लबांकडून खेळला. परदेशी खेळाडू न घेण्याचे मोहन बागानचे जुने व्रत १९९१ मध्ये सुटले ते त्याच्यासाठीच. तात्पर्य, खेळाडूच्या रक्तात क्लब शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. अस्मिता वाहते ती समर्थकाच्या सांगण्यातून. आजोबांनी नातवाला सांगितलेली गोष्ट हाच तिचा खरा कागदोपत्री पुरावा.

ही गोष्ट सांगण्याची भाषा बंगालने मोठी रसाळ केली आहे. ईस्ट बंगाल जिंकले की घरी हिलसा मासा येतो. मोहन बागान जिंकले की कोळंबी. सामन्याच्या दिवशी मासळीबाजारातील भावांवरून निकाल कळतो, असा विनोदच आहे. १९५४ मधील 'ओरा थाके ओधारे' या चित्रपटात घोटी आणि बांगाल कुटुंबे शेजारी नांदतात व भांडतात. भानू बंद्योपाध्याय या ढाक्याकडच्या विनोदी नटाने तर ज्या बोलीला हसत त्याच बोलीवर आपली कारकीर्द उभारली. मति नंदी यांच्या 'स्ट्रायकर' आणि 'स्टॉपर' या कादंबऱ्यांनी मोठ्या क्लबांच्या झगमगाटामागील सामान्य खेळाडूचा जीवनसंघर्ष साहित्यात आणला. खेळावर असे ललित लेखन आपल्याकडे किती झाले, हा प्रश्न मराठीच्या अध्यापकांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे.

या निष्ठेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स चषकासाठी कोलकात्याचे संघ येत, तेव्हा मुंबईतील बंगाली मंडळींत दोन तट पडत. कुमिल्ल्याचे सचिनदेव बर्मन हे ईस्ट बंगालचे कट्टर समर्थक; मन्ना डे मोहन बागानचे. ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानचा ५-० असा धुव्वा उडवला, तेव्हा सचिनदा मुंबईत मरणपंथाला लागले होते. पुत्र राहुलदेव यांनी कानाशी निकाल सांगितला आणि शुद्ध हरपलेल्या सचिनदांनी क्षणभर डोळे उघडले, असे सांगतात. महिन्याभराने ते गेले. ही आख्यायिका असेलही. पण अशा आख्यायिका ज्याच्याविषयी रचल्या जातात त्या निष्ठेची खोली खरी असते. त्याच निकालाची दुसरी बाजू अशी की मोहन बागानच्या एका तरुण समर्थकाने त्या पराभवानंतर आत्महत्या केली. एकाच बातमीने एकाचे डोळे उघडले आणि दुसऱ्याचे कायमचे मिटले.

येथे आम्हांला थांबून एक कबुली द्यावी लागते. अस्मितेविषयी लिहिताना आम्हा साहित्याच्या माणसांना तिच्या काव्याचा मोह पडतो. १६ ऑगस्ट १९८० हा दिवस तो मोह उतरवतो. ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना चालू असताना मैदानावरील एका धसमुसळ्या अडवणुकीनंतर प्रेक्षकांत हाणामारी सुरू झाली आणि चेंगराचेंगरीत १६ जण दगावले. बरोबर ३४ वर्षांपूर्वी, १६ ऑगस्ट १९४६ रोजी, याच शहरात 'प्रत्यक्ष कृती दिना'ची भीषण कत्तल सुरू झाली होती. हा तारखांचा योगायोगच. पण शहरांच्या स्मरणात योगायोगही अर्थ धारण करतात. त्या वेळी हिंदू आणि मुसलमान अशी विभागणी होती. आता मृतांत आणि मारणाऱ्यांत भाषा, धर्म, सण सारे समान होते, फरक होता तो फक्त जर्सीच्या रंगांचा. द्वेषाला मूळ कारण लागतेच असे नाही, जागा मिळाली की पुरते, हे त्या दिवशी दिसले. या दुर्घटनेवर मन्ना डे यांनी गाणे गायले. १६ ऑगस्ट हा दिवस 'फुटबॉलप्रेमी दिन' म्हणून पाळण्याची प्रथा पडली आणि त्या दिवशी रक्तदान होऊ लागले. सांडलेल्या रक्ताची स्मृती रक्त देऊन जपावी, ही कल्पना आम्हांला कोणत्याही शोकगीताइतकी मोलाची वाटते.

त्यानंतरही गर्दी ओसरली नाही. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला सॉल्ट लेक स्टेडियमवर १,३१,७८१ प्रेक्षक असल्याची नोंद आहे. सिक्कीमच्या बायचुंग भुतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बंगालने ४-१ असा विजय मिळवला. एव्हाना निर्वासितांची तिसरी पिढी स्टेडियममध्ये आली होती. तिने पूर्व बंगाल पाहिला नव्हता. तिला बोलीही धड येत नव्हती. तरी प्रतिस्पर्ध्यांनी तिला डिवचण्यासाठी 'काटातार', म्हणजे काटेरी तारेपलीकडून आलेले, हा शब्द राखून ठेवलाच. १९ जानेवारी २०२० रोजी, नागरिकत्वाच्या कागदपत्रांवरून देशभर वाद पेटला असताना, ईस्ट बंगालच्या समर्थकांनी एक प्रचंड फलक फडकवला. ही माती आम्ही रक्त देऊन मिळवली आहे, कागद देऊन नव्हे, असा त्याचा आशय होता. सत्तर वर्षे ज्या गोष्टीवरून हिणवले गेले तीच गोष्ट त्यांनी हक्काचे प्रमाणपत्र म्हणून उंच धरली.

त्याच २०२० मध्ये मोहन बागानपुढे वेगळेच संकट आले. व्यावसायिक लीगमध्ये उतरण्यासाठी क्लबच्या फुटबॉल संघाचे दुसऱ्या संघाशी विलीनीकरण झाले आणि १३१ वर्षांच्या नावाला 'एटीके' हे उपपद चिकटले. विजय मिळत असतानाही समर्थक ते काढण्याची मागणी करीत राहिले. २०२३ मध्ये ते गेले आणि संघ 'मोहन बागान सुपर जायंट' झाला. महामेडनने २०२१ मध्ये ४० वर्षांनंतर कोलकात्याची लीग जिंकली आणि २०२४ मध्ये आय-लीग जिंकून देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये प्रवेश मिळवला. अशा रीतीने तिन्ही उत्तरे पुन्हा एका पटावर आली.

आणि मग तो दिवस आला ज्यामुळे आम्हांला हा लेख लिहावासा वाटला. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर स्त्रीवर बलात्कार होऊन तिची हत्या झाली. शहर रस्त्यावर उतरले. १८ ऑगस्टला ड्युरँड चषकात मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना व्हायचा होता. बंदोबस्ताचे कारण देऊन तो रद्द करण्यात आला. स्टेडियमचे दरवाजे बंद राहिले. पण दोन्ही क्लबांचे समर्थक आपापल्या जर्सी घालून दरवाजाबाहेर जमलेच, महामेडनचेही आले आणि तिघांनी मिळून न्यायाची मागणी केली. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मोहन बागानच्या एका समर्थकाला ईस्ट बंगालच्या समर्थकाने खांद्यावर उचलून घेतल्याचे छायाचित्र त्या दिवशी सर्वदूर पोहोचले.

हे दृश्य पाहून भारावून जाणे सोपे आहे. आम्ही थोडे सावधपणे पाहू इच्छितो. या क्लबांची निष्ठा शंभर वर्षे प्रामुख्याने बापाकडून मुलाकडे आली. घोटी घरातली मुलगी बांगाल घरात गेली तर तिने कोणता मासा रांधावा, यावर विनोद झाले. तिने कोणाला पाठिंबा द्यावा, हे तिला क्वचितच विचारले गेले. 'शहर कोणाचे?' हा प्रश्न तिन्ही समर्थकांनी इतकी वर्षे एकमेकांना विचारला, तेव्हा रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टर स्त्रीचे ते शहर आहे का, हे त्या प्रश्नात नव्हते. १८ ऑगस्टला ते प्रथमच आले. ती जर्सी घालून आलेल्यांत स्त्रियाही होत्या, हेही नोंदवले पाहिजे.

त्या दिवशी कोणी आपला रंग सोडला नाही. मरून-हिरवा मरून-हिरवाच राहिला, लाल-सोनेरी लाल-सोनेरीच आणि काळा-पांढरा काळा-पांढराच. आम्हांला यात अस्मितेविषयीचे एक शहाणपण दिसते. शंभर वर्षे ज्याच्याविरुद्ध ओरडलो त्याचा आवाज आपल्याला पाठ झालेला असतो. तो नसेल तर आपला सामनाच होत नाही. प्रतिस्पर्धी हा आपल्या गोष्टीतील दुसरा निवेदक असतो. १९८० मध्ये हे विसरले गेले तेव्हा १६ माणसे गेली. २०२४ मध्ये ते आठवले तेव्हा बंद दरवाजाबाहेर एक शहर उभे राहिले.

आमचा विद्यार्थी आता पदवी घेऊन गेला. त्याला द्यायचे राहिलेले उत्तर असे : माणसे 'आम्ही इथले' म्हणू लागतात ती त्यांना कोणी प्रमाणपत्र दिल्यावर नव्हे. शेजारच्याशी हक्काने भांडता येऊ लागले, आणि वेळ आली तेव्हा त्याच्याच शेजारी उभे राहता आले, की ती इथली झालेली असतात.